सोलापूर शहराची जडणघडण : पाणी, श्रम आणि भाषा

प्रस्तावना :
शहराचा इतिहास लिहिताना राजवटींच्या क्रमाला प्राधान्य देण्याची प्रथा आहे. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याने बहामनी, आदिलशाही, मोगल व मराठा सत्ता पाहिल्या आणि इ.स. १८१८ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात गेला. तथापि सोलापूर हे कोणत्याही मोठ्या सत्तेची राजधानी नव्हते. या शहराची ओळख राजसत्तेपेक्षा पाण्यासाठी झालेल्या प्रयत्नांतून आणि कामासाठी आलेल्या माणसांतून घडली, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी :
सोलापूर हे पर्जन्यछायेच्या प्रदेशात, भीमा व सीना या नद्यांच्या परिसरात वसलेले आहे. मात्र यांपैकी एकही मोठी नदी मूळ शहरातून वाहत नाही. पाऊस अपुरा व अनियमित, जमीन काळी आणि मुख्य पीक ज्वारी. त्यामुळे पाणी साठविणे हीच येथील वस्तीची पहिली अट ठरली. बाराव्या शतकात शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी तलाव खोदविला. इंग्रजी राजवटीत १८७१ मध्ये एकरुख तलाव पूर्ण झाला, तर १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा शहराला मोठा आधार मिळाला.

नाव आणि परंपरा :
'सोळा गावांचे सोलापूर' ही व्युत्पत्ती लोकप्रिय असली तरी तिला कोरीव लेखांचा आधार मिळत नाही. सिद्धरामेश्वरांच्या काळात गावाचे नाव 'सोन्नलगे' असे होते, तर कामती येथील शके १२३८ च्या संस्कृत शिलालेखात 'सोनलीपूर' असा उल्लेख आहे. सिद्धरामेश्वर हे कन्नड वचनकार होते. मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणारी गड्डा यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक आणि अक्षता सोहळा यांत आज मराठी, कन्नड व तेलुगू भाषक एकत्र सहभागी होतात.

उद्योग आणि स्थलांतर :
१८६० मध्ये रेल्वे सोलापूरपर्यंत पोहोचली आणि कापसाच्या व्यापाराला गती आली. १८७७ मध्ये 'जुनी गिरणी' सुरू झाली. ही वर्षे दख्खनच्या भीषण दुष्काळाचीही होती. शेतीवर पोट भरेनासे झालेल्यांना गिरणीत मजुरी मिळाली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमागाचा व पुढे यंत्रमागाचा व्यवसाय वाढविला. सोलापुरी चादर ही त्याचीच देणगी होय. नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव शहराच्या सांस्कृतिक जीवनाचा भाग बनला.

१९३० चा लढा :
या मिश्र श्रमिक वस्तीची एकजूट १९३० मध्ये दिसून आली. महात्मा गांधींच्या अटकेनंतर मे महिन्यात शहरात उद्रेक झाला, गोळीबार झाला आणि काही दिवस इंग्रजी प्रशासन निष्प्रभ ठरले. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारण्यात आला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली. भिन्न समाजांतील ही चार नावे एकत्र वाचली म्हणजे शहराची सामाजिक घडण ध्यानात येते.

निष्कर्ष :
विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरातील मोठ्या कापड गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. ज्या श्रमाने निरनिराळ्या भाषांची माणसे एकत्र आणली, त्याचे मुख्य केंद्रच नाहीसे झाले. अशा वेळी केवळ मराठी व इंग्रजी साधनांवर लिहिलेला इतिहास अपुरा राहतो. कन्नड वचने व शिलालेख, तेलुगू व उर्दू भाषकांची कागदपत्रे आणि वृद्ध गिरणी कामगारांच्या मुलाखती यांचे संकलन स्थानिक महाविद्यालयांनी हाती घेणे अगत्याचे आहे. शिलालेख आणखी काही काळ टिकतील. कामगारांच्या आठवणी मात्र त्या पिढीबरोबर संपतील.