तळटीप १७ : मनोरीची सिमेट्री
१७. सिमेट्री : मार्व्याहून तरीने खाडी ओलांडल्यावर लागणाऱ्या मनोरीतल्या ख्रिस्ती कोळ्यांची व ईस्ट इंडियनांची दफनभूमी. 'ईस्ट इंडियन' हे नाव १८८७ साली बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन निघाली तेव्हा रुजले. या पट्ट्यातले धर्मांतर त्याच्या फार आधीचे, १५३४च्या तहाने वसई-साष्टी पोर्तुगिजांकडे गेल्यानंतरचे. लेखकाला इथे जुने कोरीव दगड दिसले नाहीत, म्हणून तो ही जागा इंग्रजी अमदानीतली ठरवतो. हे पटत नाही. मुंबईकडच्या कॅथलिक दफनभूमींत बहुतेक खड्डे कायमचे नसतात. काही वर्षांनी तीच जागा उकरून दुसऱ्याला देतात, आधीच्याची हाडे भिंतीतल्या कोनाड्यात जातात आणि त्यावर टीचभर संगमरवरी पाटी बसते. तेव्हा क्रुसावरचे साल शेवटच्या मयताचे, जमिनीचे नव्हे. मग वसईच्या किल्ल्यात पोर्तुगीज अक्षरांच्या कबरफरश्या कशा राहिल्या, असे कोणी विचारील. त्या चर्चच्या जमिनीत बसवलेल्या, मातब्बरांच्या; १७३९त मराठ्यांनी वसई घेतली, किल्ल्यातली चर्चे ओस पडली आणि उकरायला कोणी उरले नाही. एवढ्याने मनोरीची सिमेट्री पोर्तुगीजकालीन ठरते असे नव्हे (तो मोह इथल्या अभिमान्यांना होतो). लेखकाचा पुरावा तोकडा आहे, इतकेच. पुढच्या ओळीतल्या मेणबत्त्या २ नोव्हेंबरच्या, मृतांच्या स्मरणदिनाच्या.