बारा तारांची गिटार : जुनी आणि नवी

जुन्या वस्तूंचा संग्रह करणारांचे सामान्यतः दोन वर्ग पडतात. एकास वस्तूचें वय प्रिय असतें, दुसऱ्यास तिचा गुण. नाण्यांच्या बाबतींत हा भेद फारसा जाणवत नाहीं. परंतु वाद्याची गोष्ट निराळी आहे. वाद्य कपाटांत ठेविलें तर मुकें होतें, आणि नित्य वाजविलें तर झिजतें. बारा तारांच्या इलेक्ट्रिक गिटारीच्या संग्राहकांपुढें हाच पेंच उभा असतो. त्यावरचा एक तोडगा म्हणजे ज्या कारखान्यांत मूळ गिटार झाली, तेथेंच जुन्या नमुन्यावरहुकूम घडविलेली नवी गिटार. अशा नवीस जुनीचा मान द्यावा कीं नाहीं, हा वाद सुटावयाचा तर त्या वाद्याचा इतिहास प्रथम पाहिला पाहिजे.

साध्या गिटारीस सहा तारा असतात. बारा तारांच्या गिटारींत त्यांपैकीं प्रत्येकीशेजारीं एक सोबतीण बसविलेली असते. चार जाड तारांच्या सोबतिणी एक सप्तक वर लावितात. उरलेल्या दोन बारीक तारांच्या सोबतिणी त्यांच्याच स्वरांत मिळवितात. दोन तारा कितीहि काळजीनें मिळविल्या तरी त्यांच्यांत केसभर अंतर राहतेंच, आणि त्या अंतरामुळें नादास एक प्रकारची लकाकी येते. एकच हात वाजवीत असतां दोन वादक वाजवीत आहेत असा भास होतो. सतारीच्या तरफांचा झंकार ज्यांनीं ऐकला असेल त्यांस या नादाची थोडीशी कल्पना येईल. भेद इतकाच कीं, तरफा मुख्य तारेच्या स्वरानें आपोआप झंकारतात, आणि येथें जोडींतील दोन्ही तारांवर आघात प्रत्यक्ष पडतो. विजेचा संबंध येण्यापूर्वींच हें वाद्य अमेरिकेंत रूढ होतें. १९४९ सालीं निवर्तलेला प्रसिद्ध कृष्णवर्णीय लोकगायक लेड बेली बारा तारांच्या गिटारीवरच गात असे.

विजेचा इतिहास कॅलिफोर्नियांत सुरू होतो. स्वित्झर्लंडांत जन्मलेला ॲडॉल्फ रिकनबॅकर आणि त्याचा सहकारी जॉर्ज बोशॅम्प यांनीं १९३२ च्या सुमारास ॲल्युमिनियमची एक हवाई गिटार विक्रीस आणिली. तिचा आकार पाहून लोक तिला 'तळण्याचा तवा' म्हणूं लागले. तारेचें कंपन लोहचुंबक आणि वेटोळें यांच्या योगें विजेच्या लहरींत पालटावयाचें, ही तिच्यांतली मुख्य युक्ति; तिचें पेटंट बोशॅम्पला १९३७ सालीं मिळालें. १९५३ सालीं हा धंदा एफ. सी. हॉल यानें विकत घेतला. बारा तारांना वीज जोडण्याचे प्रयत्न इतरत्रहि चालू होते. १९५४ सालीं स्ट्रॅटोस्फिअर या नांवाची दोन दांड्यांची गिटार निघाली. तिची एक दांडी बारा तारांची होती. १९६१ सालीं डॅनेलेक्ट्रो कंपनीनें बेलझूकी नांवाचें बारा तारांचें वाद्य काढलें. परंतु लोकांच्या कानांत बसला तो नाद रिकनबॅकरचा.

रिकनबॅकरची पहिली बारा तारी गिटार १९६३ सालीं तयार झाली. बारा तारा म्हटल्या कीं बारा खुंट्या आल्या, आणि बारा खुंट्या ओळीनें बसवाव्या तर गिटारीचें डोकें लांबट व जड होऊन वाद्याचा तोल जातो. कारखान्यांतील डिक बर्क या कारागिरानें यावर सुरेख तोड काढली. सहा खुंट्या नेहमींप्रमाणें बाजूंस ठेविल्या; उरलेल्या सहांसाठीं डोक्यांत खोबणी पाडून त्यांची तोंडें मागील बाजूस वळविलीं. त्यामुळें बारा तारांचें डोकें सहा तारांच्या डोक्याएवढेंच राहिलें. दुसरी गोष्ट तारांच्या क्रमाची. इतर बारा तारी गिटारींत हात खालीं जातांना आधीं बारीक सोबतीण वाजते व मग जाड तार; रिकनबॅकरनें हा क्रम उलटा करून जाड तारेस पहिला मान दिला. स्वर भरदार उमटून मग त्यावर झळाळी चढते, ती या क्रमामुळें.

१९६४ च्या फेब्रुवारींत इंग्लंडचे बीटल्स प्रथमच अमेरिकेंत आले. ८ फेब्रुवारीस हॉलनें न्यूयॉर्कच्या एका हॉटेलांत आपलीं वाद्यें त्यांच्यापुढें मांडलीं. त्यांचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन त्या दिवशीं घसा धरल्यामुळें दुसऱ्या हॉटेलांत अंथरुणावर पडून होता. जॉन लेनननें बारा तारी गिटार हातीं घेतली, आणि ती जॉर्जला दाखविली पाहिजे असें ठरलें. तेव्हां गिटार आजाऱ्याच्या खोलींत नेण्यांत आली. ती हॅरिसनच्या मनांत इतकी भरली कीं अखेरपर्यंत, म्हणजे २००१ सालीं त्याचें निधन होईपर्यंत, ती त्याच्याजवळ राहिली. त्याच वर्षीं निघालेल्या 'अ हार्ड डेज नाइट' या बोलपटांतून व गाण्यांतून तिचा आवाज जगभर गेला.

तो बोलपट पाहणारांत रॉजर मॅग्विन नांवाचा एक तरुण होता. त्या काळीं तो जिम या नांवानें ओळखला जाई. लोकगीतांच्या साथीस साधी बारा तारी गिटार तो आधींपासून वाजवीत असे. पडद्यावर हॅरिसनच्या हातांतील वाद्य पाहून त्यानेंहि रिकनबॅकर विकत घेतली, आणि बर्ड्स या आपल्या मेळ्यासह १९६५ च्या जानेवारींत बॉब डिलनचें 'मिस्टर टँबोरीन मॅन' हें गीत ध्वनिमुद्रित केलें. तें त्याच वर्षीं अमेरिकेंत व इंग्लंडांत अग्रस्थानीं पोंचलें. येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. त्या तबकडींत गिटारीचा स्वर जो लांबत जातो, तो केवळ लांकडाचा व तारांचा नव्हे. ध्वनिमुद्रकानें तो कॉम्प्रेसर नांवाच्या यंत्रांतून नेला होता. हें यंत्र मोठा आवाज दाबतें व क्षीण आवाज उचलून धरतें. त्यामुळें इलेक्ट्रिक गिटारीचा चटकन विरणारा स्वर दीर्घकाळ टिकतो. ज्या नादासाठीं पुढें लोकांनीं जुन्या गिटारी धुंडाळल्या, त्याचा निम्मा भाग गिटारीच्या बाहेर होता.

या यशानंतर इतर कंपन्याहि पुढें सरसावल्या. फेंडरनें १९६५ सालीं आपली इलेक्ट्रिक ट्वेल्व्ह काढली. परंतु लोकांची अभिरुचि पालटली, आणि १९६९ सालीं ती बंद पडली. रिकनबॅकरनें आपला नमुना टिकविला, पण तो जसाच्या तसा ठेविला नाहीं. १९६४ सालींच गिटारीच्या कडा गोलाकार झाल्या. पुढें एकवीस पडद्यांचे चोवीस पडदे झाले. पाव भाजण्याच्या यंत्रासारखे दिसणारे, म्हणून 'टोस्टर' म्हटले जाणारे पिकअप जाऊन त्यांच्या जागीं अधिक जोरकस पिकअप आले. कारखानदाराच्या दृष्टीनें या सुधारणाच होत्या. वादकांना मात्र सुधारलेल्या वाद्यांत तो पूर्वींचा नाद सांपडेना. १९७९ सालीं टॉम पेटीच्या तबकडीच्या वेष्टनावर बारा तारी रिकनबॅकर झळकली, आणि पुढील दशकांत नव्या पिढीचे अनेक मेळे तिच्या मागें लागले. 'जुनें तें सोनें' ही म्हण एका अर्थीं त्या कारखान्यासच मान्य करावी लागली.

१९८४ च्या सुमारास रिकनबॅकरनें जुन्या नमुन्यांची मालिका सुरू केली. तींत बारा तारी गिटारीस '३६०/१२ व्ही ६४' असें नांव मिळालें. शेवटचे आंकडे ज्या सालाचा नमुना त्या सालाचे. धारदार कडा, एकवीस पडदे, टोस्टर पिकअप, हें सर्व परत आलें. तथापि आरंभींच्या प्रतींतील पिकअप मूळाहून जोरकस होते, आणि ते मूळाजवळ आणण्यास बराच काळ जावा लागला. रूपाची नक्कल लवकर साधते, अंतरंगाची उशिरां साधते, हें यावरून दिसतें. १९८८ सालीं मॅग्विनच्या नांवाची एक हजार गिटारींची मर्यादित आवृत्ति निघाली. तिच्या पोटांत कॉम्प्रेसरचें मंडलच बसविलेलें होतें. ध्वनिमुद्रणाच्या खोलींत जें घडलें होतें, त्याची कबुली अशा रीतीनें गिटारींतच नोंदली गेली. पुढें हॅरिसनच्या मूळ गिटारीवरून 'सी ६३' हा नमुना निघाला. २०१९ सालीं फेंडरनेंहि आपल्या बंद पडलेल्या बारा तारी गिटारीस पुन्हां नवें रूप दिलें.

आतां संग्राहकाचा प्रश्न. रिकनबॅकरच्या गिटारीचा क्रमांक, जेथें विजेची दोरी खोंचतात त्या धातूच्या पट्टीवर ठोकलेला असतो. १९६१ पासून १९८६ पर्यंत त्याच्या आरंभीं दोन अक्षरें असत. पहिलें वर्षाचें, दुसरें महिन्याचें. 'ए' म्हणजे १९६१, 'सी' म्हणजे १९६३, 'डी' म्हणजे १९६४; याच क्रमानें १९८४ चें अक्षर 'एक्स' येतें. हॅरिसनच्या गिटारीवर 'सीएम' हीं अक्षरें आहेत, म्हणजे ती १९६३ च्या डिसेंबरांतली. म्हणून जुनी आणि नवी शेजारीं ठेविल्यास दुरून ओळखूं येणार नाहींत, पण पट्टी वाचतांच भेद कळेल. पट्टी मात्र स्क्रूंनीं बसविलेली असते, आणि जें स्क्रूंनीं बसतें तें स्क्रूंनीं निघतेंहि. म्हणून जाणता संग्राहक केवळ पट्टीवर विश्वासत नाहीं. तो कडा पाहतो, पडदे मोजतो, पिकअप तपासतो, आणि या सर्वांची साक्ष पट्टीशीं जुळते कीं नाहीं तें ताडून पाहतो.

यावरून नकल आणि लबाडी यांमधील सीमारेषा स्पष्ट होते. 'मी अमुक सालीं, तमुक सालच्या वाद्यावरून झालें' असें उघड सांगणारी प्रत ही एखाद्या जुन्या ग्रंथाच्या प्रामाणिक पुनर्मुद्रणासारखी आहे. तिनें कोणाचें कांहीं चोरलें नाहीं. तीच प्रत पट्टी बदलून जुनी म्हणून विकली गेली, तर लांकूड तेंच, तारा त्याच, नादहि तोच राहून ती खोटी ठरते. तिचें अस्सलपण लांकडांत नव्हतें, नोंदींत होतें. आणि ती नोंद जपण्याचें काम संग्राहकावर येऊन पडतें. त्यानें ती पुसली, तर पुढील पिढीस कोणत्याच गिटारीवर विश्वास ठेवतां येणार नाहीं, आणि खऱ्या जुन्या गिटारीहि संशयांत सांपडतील.

नव्या प्रतीचा आणखी एक उपकार आहे. ती निर्धास्तपणें वाजवितां येते. वादकानें ती प्रवासांत न्यावी, सभेंत वाजवावी, पडदे झिजले तर बदलावे. जुन्या गिटारीस तेवढा विसावा मिळतो. मुळांत ही गिटार संग्रहासाठीं झालेलीच नव्हती. एका कारागिरानें खुंट्यांची अडचण सोडविली, एका आजारी वादकाच्या खोलींत ती पोंचली, एका तरुणानें ती पडद्यावर पाहिली, आणि एका यंत्रानें तिचा स्वर लांबविला. इतक्या हातांतून जो नाद निघाला तो कोणा एकाच्या कपाटांत मावण्यासारखा नाहीं. जुनी गिटार त्याची साक्ष ठेवते, आणि नवी तो नाद वाजता ठेवते. दोघींची खरी तारीख शाबूत असेल, तर एकीनें दुसरीचा मत्सर करण्याचें कारण नाहीं.