परसबागेतले कोवळे फळ का गळते? दापोलीच्या मांडवाखालील परागीभवनाची गोष्ट

दापोली तालुक्यात मृगाच्या सरी कोसळू लागल्या की घराच्या मागीलदारी आळी खणली जातात. शिराळी, पडवळ, काकडी, कारली, दुधी आणि भोपळा यांच्या बिया टोकल्या जातात आणि बांबूचे मांडव उभे राहतात. जूनच्या मध्यास लावलेला वेल गणपतीच्या सुमारास फळाला यावा, हे गणित कोकणातील घरोघरी पाठ असते. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाशिवाय पिकलेले तेवढेच खावे, असा प्रघात आहे. त्या दिवसाच्या भाजीला परसातील मांडवाखेरीज दुसरा आधार नसतो.

तथापि अनेक घरांत दरवर्षी एकच तक्रार ऐकू येते. वेल जोमदार वाढतो, फुलेही भरपूर येतात, पण बोटाएवढे झालेले फळ टोकाकडून पिवळे पडते आणि गळून जाते. मग कोणी खताची मात्रा वाढवितो, तर कोणी रोग समजून औषध फवारतो. प्रत्यक्षात यातील बरीच गळ ही रोगामुळे होत नाही. मादी फुलापर्यंत पराग पोचलाच नाही, एवढेच त्याचे कारण असते. अशा वेळी केलेली फवारणी पराग आणणाऱ्या कीटकांनाच मारते आणि गळ आणखी वाढते.

नर फूल आणि मादी फूल

काकडीवर्गीय बहुतेक भाज्यांमध्ये एकाच वेलीवर नर आणि मादी अशी दोन प्रकारची फुले येतात. प्रथम येणारी फुले प्रायः नर असतात. ती एक दिवस फुलून गळतात, आणि ते स्वाभाविकच आहे. मादी फूल ओळखणे सोपे असते. त्याच्या पाकळ्यांखाली फळाची इवलीशी प्रतिकृती दिसते. हे छोटे फळ म्हणजे केवळ बीजांडकोश होय. नर फुलातील पराग मादी फुलाच्या कुक्षीवर पोचला तरच ते वाढते, अन्यथा दोन-चार दिवसांत पिवळे पडून गळते.

या भाज्यांचा पराग जड आणि चिकट असल्याने तो वाऱ्याने फारसा वाहून जात नाही. त्यासाठी कीटकच लागतो. एका भेटीत पुरेसा पराग पोचत नाही, म्हणून एकाच फुलावर अनेक भेटी व्हाव्या लागतात. पराग अपुरा पडला तर फळ धरते, परंतु एका बाजूस वाकडे किंवा टोकाशी फुगीर होते. बाजारात ‘बेढब’ म्हणून बाजूला टाकल्या जाणाऱ्या काकडीमागे पुष्कळदा हेच कारण असते.

कर्टोलीची गोष्ट याहून निराळी आहे. तिचे नर आणि मादी वेल स्वतंत्र असतात. कंद लावताना केवळ मादी वेल आणले तर फुले येऊनही फळ धरत नाही. साधारणपणे दहा मादी वेलींमागे किमान एक नर वेल ठेवावा लागतो.

प्रत्येक भाजीची वेळ वेगळी

कोणते फूल केव्हा उमलते, हे जाणून घेतल्यास अर्धे काम होते. काकडी, कारली, घोसाळी आणि भोपळा यांची फुले पहाटे ते सकाळी उमलतात. भोपळ्याचे फूल दुपारपर्यंत मिटते. या भाज्यांचे परागीभवन मुख्यत्वे मधमाश्या आणि भुंगे करतात. शिराळी, दुधी आणि पडवळ यांची फुले मात्र सायंकाळी उमलतात. दुधी व पडवळ यांचा पांढरा रंग अंधुक प्रकाशातही दिसतो आणि त्यांकडे रात्रीचे पतंग येतात. ‘सकाळी मांडवावर एकही माशी दिसत नाही’, अशी काळजी शिराळ्याच्या बाबतीत म्हणूनच गैरलागू ठरते. त्याची वेळ दिवेलागणीची आहे.

वांगी, टोमॅटो आणि मिरची यांच्या एकाच फुलात नर व मादी असे दोन्ही भाग असतात. पैकी वांगी आणि टोमॅटो यांच्या परागकोशांतून पराग सुटण्यासाठी फूल हादरावे लागते. भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला घट्ट धरून पंखांचे स्नायू थरथरविते आणि पराग झडतो. मधमाशीला हे कसब साधत नाही. टोमॅटोला वाऱ्याचा हेलकावाही बऱ्याच अंशी पुरतो. वाल आणि चवळी स्वपरागित असल्याने त्यांना कीटकांची फारशी गरज भासत नाही, तर माठासारख्या पालेभाजीत फळाचा प्रश्नच उद्भवत नाही.

पावसाळ्यातील अडचण

दापोलीत वर्षाला सरासरी साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या काळातच होतो. नेमक्या याच काळात मांडव फुलावर असतो. संततधारेत मधमाशी पोळ्याबाहेर पडत नाही आणि उमललेल्या फुलातील पराग भिजून निकामी होतो. चार-पाच दिवस सूर्यदर्शन झाले नाही की त्यानंतरच्या आठवड्यात गळ वाढलेली दिसते, ती यामुळेच.

अशा वेळी हाताने परागीभवन करणे हा खात्रीचा उपाय आहे. त्याच दिवशी उमललेले नर फूल खुडावे, त्याच्या पाकळ्या मागे दुमडाव्यात आणि मधला परागयुक्त भाग मादी फुलाच्या कुक्षीवर हळुवार टेकवावा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरते. भोपळा, काकडी आणि कारली यांसाठी हे काम सकाळी नऊ-दहाच्या आत, तर शिराळी, दुधी आणि पडवळ यांसाठी सायंकाळी करावे. पावसाची उघडीप पाहून ते उरकावे.

गळीचे कारण शोधण्यासाठीही हीच युक्ती उपयोगी पडते. पाच मादी फुलांना हाताने पराग लावून त्यांच्या देठाला दोरा बांधावा. खुणेची फळे टिकली आणि बाकीची गळाली, तर कीटकांची वाण आहे असे समजावे. खुणेची फळेही गळाली, तर कारण अन्यत्र, म्हणजे पाण्याचा निचरा, अन्नद्रव्ये किंवा फळमाशी यांत शोधावे. फळमाशी लागलेल्या फळावर बारीक टोचल्याची खूण व त्यातून आलेला डिंकासारखा थेंब दिसतो आणि फळ कापल्यास आत अळ्या सापडतात. परागाअभावी गळलेल्या फळात अळी नसते.

परसातील पाहुणे कोण?

कोकणात मधमाश्यांचे अनेक प्रकार आढळतात. झाडाच्या ढोलीत, अंधाऱ्या पोकळीत एकापाठोपाठ अनेक पोळी बांधते ती सातेरी. झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढे एकच पोळे लावते ती फुलोरी. उंच झाडावर किंवा इमारतीवर मोठे एकच पोळे बांधते ती आग्या. त्यांच्याशिवाय डंख नसलेली चिमुकली माशी भिंतीच्या भेगेत राहते. जांभ्या दगडाचे जुने गडगे आणि भिंती तिला विशेष मानवतात. भुंगा वाळक्या लाकडाला व बांबूला भोक पाडून आत घर करतो. गतवर्षीच्या मांडवाच्या बांबूत गोल भोक दिसले तर तो बांबू लगेच चुलीत न घालता परसाच्या कडेला ठेवून द्यावा. निळ्या पट्ट्यांची माशी मऊ मातीत बीळ करते. सारे अंगण काँक्रीटने झाकले की तिला जागा उरत नाही.

३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली व मंडणगड तालुक्यांच्या किनारपट्टीवर नारळ, सुपारी, आंबा आदी असंख्य झाडे उन्मळून पडली. जुन्या झाडाबरोबर त्यातील ढोलीही जाते. नवे कलम पाच-सहा वर्षांत फळ देऊ शकते, परंतु सातेरीला राहता येईल अशी ढोली तयार होण्यास कितीतरी अधिक काळ लागतो. वठलेले पण धोकादायक नसलेले झाड राखणे म्हणूनच परसबागेच्याही हिताचे आहे.

बारा महिने फुलोरा

मांडव दोन-अडीच महिने फुलतो. कीटकांना मात्र वर्षभर अन्न लागते. या दृष्टीने कोकणातील जुन्या घरांचे परस उत्तम होते. नारळाला जवळजवळ दर महिन्यास नवी पोय फुटत असल्याने पावसाळ्यातही पराग मिळतो. वृंदावनातील तुळशीच्या मंजिऱ्यांवर मधमाश्या हमखास येतात. शेवग्याच्या फुलांवर भुंगे गर्दी करतात. गौरीच्या पूजेत मानाचा असलेला तेरडा पावसाळ्याच्या उत्तरार्धात सड्यावर आणि बांधावर फुलतो. मांडवाच्या आसपासचे तण सरसकट काढताना तेरड्याचा एखादा पट्टा राखून ठेवावा. दिवाळीनंतर झेंडू व मोहरी आणि फुलावर सोडलेली थोडी कोथिंबीर व बडीशेप ही साखळी पुढे नेतात. उन्हाळ्यात उथळ परळात पाणी ठेवून त्यात खडे टाकावेत, म्हणजे माश्यांना बुडण्याचा धोका न पत्करता पाणी पिता येते.

शहरातील गच्चीवर हे सारे शक्य नसले, तरी तुळस, झेंडू आणि कढीपत्ता यांच्या कुंड्या भाजीच्या कुंडीशेजारी ठेवणे कोणालाही जमण्याजोगे आहे. उंच मजल्यावर माश्या पोचत नसतील तर हाताने पराग लावण्याची सवय करून घ्यावी.

फवारणीपूर्वी विचार

सर्वांत मोठा धोका कीटकनाशकांचा आहे. आंब्याच्या मोहरावर तुडतुड्यांसाठी होणाऱ्या फवारण्या आणि परसातील भाजीवर घाईने मारलेले औषध यांत मित्र-शत्रू असा भेद राहत नाही. मोहरावर येणाऱ्या माश्या आणि इतर कीटक आंब्याच्या फलधारणेलाही हातभार लावतात, हे बागायतदारांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. फवारणी अटळच असेल तर ती फुले मिटल्यावर आणि माश्या परतल्यावर करावी. सकाळी फुलणाऱ्या भाजीवर सायंकाळी फवारणी चालते, पण सायंकाळी फुलणाऱ्या शिराळ्याला हा नियम उलटा लागू होतो, याचा अनेकांना विसर पडतो.

फळमाशीसाठी तर फवारणीची गरजही कमी करता येते. काकडीवर्गीय भाज्यांत क्यू ल्यूर या गंधाचे सापळे लावल्यास फळमाशीचे नर त्यात अडकतात आणि मधमाशीला अपाय होत नाही. फळमाश्यांच्या नियंत्रणासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘रक्षक’ सापळा कोकणातील आंबा बागायतदारांना परिचित आहे. किडलेली फळे उकिरड्यावर न टाकता खोल पुरावीत, अन्यथा त्यातून पुढची पिढी बाहेर पडते.

वाण आणि बियाणे

१९७२ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाने कोकणच्या हवामानासाठी भाज्यांचे अनेक वाण दिले आहेत. काकडीचा ‘शीतल’, कारल्याचा ‘कोकण तारा’, शिराळ्याचा ‘कोकण हरिता’, पडवळाचा ‘कोकण श्वेता’ आणि वालाचा ‘कोकण भूषण’ हे त्यांपैकी काही होत. घरचे बी राखणाऱ्यांनी मात्र एक काळजी घ्यावी. काकडी आणि तवसे एकाच जातीचे असल्याने माशी त्यांचा परस्परांशी संकर घडवून आणते. त्या वर्षीच्या फळाच्या चवीत फरक पडत नाही, परंतु त्याच्या बियांतून पुढच्या वर्षी भलतेच फळ निघू शकते. बियांसाठी राखायच्या मादी फुलावर आदल्या सायंकाळी पातळ कापडाची पिशवी बांधावी. त्याच वाणाचे नर फूलही तसेच झाकून ठेवावे. सकाळी हाताने पराग लावावा आणि मादी फूल पुन्हा दोन दिवस झाकावे. काकडी व पडवळ किंवा दुधी व कारले यांच्यात असा संकर होत नाही.

मधपेटी ठेवण्याचा विचार करणाऱ्यांनी आधी रीतसर प्रशिक्षण घ्यावे. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून कार्यरत आहे. महाबळेश्वरजवळील मांघर हे २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले, तेव्हापासून राज्यात या विषयाकडे लक्ष वाढले आहे. परंतु चार वेलींच्या मांडवासाठी पेटी असलीच पाहिजे असे नाही. जुनी ढोली, गडग्यातील भेग, मोकळ्या मातीचा तुकडा आणि वर्षभराचा फुलोरा एवढे राखले तरी पाहुणे आपणहून येतात. यंदाच्या पावसात फळ गळू लागले तर औषधाची बाटली आणण्याआधी पाच फुलांना दोरा बांधून पाहावा. बहुतेक मांडवांना उत्तर तिथेच मिळेल.