अजगराच्या पिल्लाला पहिला घास कधी द्यायचा?

गेल्या श्रावणात हातकणंगल्याहून मावसभावाचा फोन आला. "ताई, अजगराचं पिल्लू आणलंय. अंड्यातून निघून आठ दिवस झालेत म्हणं, पण काहीच खाईना झालंय. आई म्हणते दूध ठेव."

माझं संशोधन सरपटणाऱ्या प्राण्यांवर आहे हे घरी कळल्यापासून असे फोन येतात. पिल्लू होतं बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला छोटा अजगर. मी म्हटलं, "थांब. पाणी ठेव, दूध नको." एवढं साधं उत्तर, पण त्यामागचा इतिहास भारी आहे. तोच तुम्हाला सांगते.

एकोणिसाव्या शतकात लामार-पिको नावाच्या फ्रेंच प्रवाशाने सांगितलं, की भारतातली अजगराची मादी अंड्यांना वेटोळं घालते आणि ऊबही देते. पॅरिसच्या विद्वानांनी ते मानलं नाही. थंड रक्ताचा प्राणी ऊब कुठून देणार? मग 1841 मध्ये पॅरिसच्याच प्राणिसंग्रहालयात एका अजगर मादीने अंडी घातली. आशिल व्हॅलेन्सिएन यांनी थर्मामीटर लावून पाहिलं, तर वेटोळ्यातलं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा बरंच जास्त! जवळपास दोन महिने ती अंड्यांवर बसून होती. खाणं बंद, पाणी मात्र प्यायची. पिल्लं निघाली, पण तीही लगेच खाईनात. पहिली कात टाकली आणि मगच त्यांनी खायला सुरुवात केली.

ऊब येते कुठून, हे कळायला 1966 उजाडलं. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या अभ्यासात दिसलं, की मादी स्नायू पुन्हापुन्हा आखडते आणि त्यातून उष्णता तयार होते. थंडीत आपण कुडकुडतो ना, तसंच काहीसं.

आणि पिल्लं का खात नाहीत? कारण ती डबा घेऊनच येतात. अंड्यातला उरलेला बलक बाहेर पडण्याआधी त्यांच्या पोटात ओढला जातो. पहिली कात पडेपर्यंत, म्हणजे साधारण एक-दोन आठवडे, त्यावर सहज भागतं.

त्यानंतरही पिल्लू उंदीर नाकारतं, तेव्हा लोक घाबरून जबरदस्तीने भरवायला जातात. त्यात पिल्लाला इजा होऊ शकते. आधी ऊब आणि लपायला जागा बघा. अंग गार असेल तर साप खात नाही, आणि खाल्लं तरी पचत नाही. दुसरं, उंदीर हे त्याचं एकमेव अन्न नाही. नायजेरियात 1998 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 70 सेंटीमीटरच्या आतल्या बॉल पायथनच्या आहारात मुख्यतः पक्षी सापडले. म्हणून काही पाळणारे उंदराच्या पिल्लाला कोंबडीच्या पिल्लाचा वास लावून देतात.

आता मावशीचं दूध. आपल्याकडे नागपंचमीला दूध दाखवायची रीत आहे. पण सापाला दूध पचत नाही. तहानेने व्याकूळ झालेला साप समोर येईल ते पितो, इतकंच. आपल्याच जिल्ह्यात चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीच्या शाळेत बाबूराव टक्केकर गुरुजींनी मुलांना साप ओळखायला शिकवलं. सापांबद्दलचे असले गैरसमज घालवायचं काम तिथून वर्षानुवर्षं चाललंय.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. उसाच्या फडात किंवा ओढ्याकाठी अजगराची अंडी किंवा पिल्लं दिसली, तर "काय खायला घालू?" हा प्रश्नच नाही. भारतीय अजगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या (1972) पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पाळणं गुन्हा आहे. हात न लावता वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. बॉल पायथनसारखा परदेशी प्राणी असेल, तर 2024 च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. विकणाऱ्याने भावाला यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

पंधराव्या दिवशी पिल्लाने कात टाकली. आणखी चार दिवसांनी रात्री अकराला फोन: "ताई, खाल्लं!" मी विचारलं, "आणि नोंदणी?" पलीकडे शांतता. दुसऱ्या दिवशी बसून अर्ज भरून घेतला.