प्रेस्टनच्या फुटबॉलपटू भगिनी

पहिल्या महायुद्धात पुरुष रणांगणावर गेले असता, १९१७ साली इंग्लंडमधील प्रेस्टन या गिरणगावी डिक-कर कारखान्यातील कामगार मुलींनी फुटबॉलचा संघ उभारला. जखमी सैनिकांच्या साहाय्यार्थ त्या खेळत. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूल येथे त्यांचा सामना पाहण्यास सुमारे ५३,००० प्रेक्षक लोटले. तथापि ५ डिसेंबर १९२१ रोजी हा खेळ स्त्रियांस अयोग्य ठरवून इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या संघांची मैदाने त्यांना बंद केली. ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. तरीही हा संघ १९६५ पर्यंत खेळत राहिला.

आपल्या चौकपासून फार दूर नसलेल्या नवी मुंबईत २०२२ साली सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. तेथे एका सभेच्या ठरावाने मैदान बंद झाले होते. आपल्या कन्यांसाठी ते आपल्या सभेच्या ठरावाने खुले व्हावे.