मुंबईच्या दोन गोद्यांची जमीन

कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना आणला, तेव्हा तेथे निवडुंगाचे रान होते आणि सापांचा सुळसुळाट होता, हे कुंडलच्या श्रोत्यांस नव्याने सांगावयास नको. औंधच्या पंतप्रतिनिधींनी जमीन दिली, कारखान्यात नांगर तयार झाले, हे सर्वांस पाठ आहे. निवडुंग तोडणारांविषयी मात्र फारसे कुणी बोलत नाही. बांधकामाचा इतिहास कोनशिलेपासून सुरू करण्याची आपल्याकडे रीतच आहे. कोनशिलेच्या आधीचे जे काम, त्याविषयी आम्ही बोलणार आहोत, आणि त्यासाठी मुंबई बंदराकडे जाणार आहोत. सातारा-सांगलीकडच्या कितीतरी घरांच्या चुली त्या बंदराच्या मजुरीवर पेटल्या आहेत, तेव्हा ते बंदर आपल्याला परके नव्हे.

मुंबई पोर्ट ट्रस्ट 1873 साली स्थापन झाला. प्रिन्सेस डॉकचे काम 1875 साली सुरू झाले व 1880 साली ती गोदी उघडली. ही गोदी खणताना समुद्राच्या चिखलाखाली शेकडो झाडांचे बुंधे सापडले. त्यांतले कित्येक आपल्या मुळांवर जसेच्या तसे उभे होते. कोणे एके काळी तेथे कोरडी जमीन होती, रान होते, आणि ते पाण्याखाली खचले होते. शेजारची व्हिक्टोरिया डॉक 1888 साली झाली.

या व्हिक्टोरिया गोदीत 14 एप्रिल 1944 रोजी ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज फुटले. त्यात सुमारे चौदाशे टन स्फोटक माल होता, कापसाच्या गाठी होत्या, इमारती लाकूड होते. एकाच बोटीवर दारूगोळा आणि कापूस! दुपारी चारनंतर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन स्फोट झाले. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्यांची नोंद झाली. ‘जलपद्म’ नावाचे सुमारे चार हजार टनांचे जहाज उचलले जाऊन धक्क्यावरच्या शेडवर आदळले. आग विझवणारे साठांहून अधिक जवान कामी आले. एकूण मृतांचा आकडा सरकारी हिशेबानेही शेकड्यांत गेला.

इथपर्यंतची हकीकत पुष्कळांनी लिहिली आहे. आमचे लक्ष पुढच्या सात महिन्यांवर आहे. गोदीत जहाजे बुडालेली, शेडचे लोखंड पिळवटलेले, धान्याची गुदामे जळालेली, आणि राडारोड्यात न फुटलेला दारूगोळा. लढाई चालू होती आणि बंदर बंद ठेवणे परवडणारे नव्हते. सुमारे 8,000 माणसांनी सात महिने राबून पाच लाख टन राडारोडा उपसला, तेव्हा गोद्या पुन्हा चालू झाल्या. एप्रिलपासून सात महिने म्हणजे सबंध पावसाळा त्यात आला. हिशेब केला तर माणशी साठ टनांहून अधिक भार येतो. याऱ्या होत्या, लष्कराची मदत होती, हे जमेस धरूनही ज्याने घमेले उचलले आहे त्याला हा आकडा कळेल.

त्याच जहाजावर सोनेही होते. त्याच्या पेट्या 31, प्रत्येक पेटीत विटा 4. त्या विटा शहरभर उडाल्या, आणि पुढे कित्येक वर्षे गाळ काढताना एखाद-दुसरी सापडत राहिली. 2011 सालीही दोन सापडल्या. सोने विटेगणिक मोजले गेले. माणसे मात्र ‘सुमारे आठ हजार’. आमचे आयुष्य हजेरीपटांवर भांडण्यात गेले, म्हणून हा ‘सुमारे’ आम्हांस टोचतो. नेमक्या त्याच वर्षांत या भागात क्रांतिसिंह नाना पाटील आणि जी. डी. बापू लाड यांचे प्रतिसरकार उभे होते. त्यात भाकरी पोचवणाऱ्या बाईचेही नाव कुंडलची माणसे आजवर सांगत आली.

आता अलीकडचे. कंटेनरची जहाजे आली आणि या जुन्या गोद्यांचे दरवाजे त्यांना अरुंद पडू लागले. प्रिन्सेस डॉकचा मोठा दरवाजा 66 फुटांचा. खाडीपलीकडे न्हावाशेवा बंदर 1989 साली सुरू झाले व माल तिकडे वळला. गोदीतल्या टोळ्या घटत गेल्या. मग मुंबई बंदराने गोद्यांच्या बाहेर, भर पाण्यात कंटेनरचे नवे धक्के बांधावयाचे ठरवले. करार 2007 साली झाला. कंटेनर रचण्यासाठी अंगण हवे, म्हणून प्रिन्सेस व व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या बुजवण्यात आल्या.

गोदी बुजवणे म्हणजे खड्डा भरणे नव्हे. काळ्या रानात घर बांधणारा आपला शेतकरी मुरूम लागेतो खाली जातो, कारण काळी माती पाण्याने फुगते व उन्हाने फाटते. खाडीचा चिखल याहून वाईट. त्यावर वजन ठेवले की त्यातले पाणी हळूहळू सुटते आणि जमीन महिनोन् महिने बसत राहते. घाईने बांधकाम केले तर ते वाकडे होते. म्हणून अशा जागी आधी भर घालावयाची, वजन लादावयाचे, आणि वाट पाहावयाची. शिवाय या विशिष्ट चिखलात 1944 चे लोखंड होते. 2011 सालीच बंदरात 45 किलोचा एक जिवंत गोळा मिळाला व नौदलाला तो निकामी करावा लागला. अशा जागी पहिले फावडे मारणारा माणूस बहुधा कंत्राटदाराच्या कंत्राटदाराकडचा असतो. त्याला खाली काय पुरले आहे हे कुणी सांगावे, असा आमचा संघटनेत नेहमीचा आग्रह असे, आणि ते वेळखाऊ आहे असे उत्तर नेहमी मिळे.

धक्के उभे राहिले. कंटेनरची वाहतूक मात्र ठरल्याप्रमाणे सुरू झाली नाही. त्या धक्क्यांवरून पुढे मोटारगाड्या व पोलाद जाऊ लागले.

खानापूर तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या गोदी कामगाराला आम्ही त्याच्या ओट्यावर बसून ही बातमी सांगितली. व्हिक्टोरियात त्याने आयुष्यभर हूक चालवला होता. तो वाईट वाटून घेईल असे आम्हांस वाटले होते. त्याने तंबाखू मळली आणि विचारले, “पाणी आधी उपसलं का तसंच भरलं?” मग थोड्या वेळाने, “आणि भरायला हायवा कितीजण होते?”