महापालिकेहून वयाने वडील

मुंबईच्या जल खात्याची वाटचाल सांगायची, तर सुरुवात महापालिकेपासून करता येत नाही. 1865च्या कायद्याने शहराच्या नगरपालिकेची घडी बसली, पण विहार तलावाचे पाणी त्याआधीच, 1860 सालापासून, शहरात येत होते.

तोवर मुंबई विहिरी आणि तळ्यांवर जगत होती. 1850च्या दशकातल्या अवर्षणात होड्यांतून आणि नव्यानेच सुरू झालेल्या आगगाडीतून पाणी आणायची पाळी आली. हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याने साष्टीतल्या मिठी नदीचे खोरे सुचवले आणि 1856ला काम सुरू झाले. ही निवड किती अचूक होती, ते बांधावर उभे राहिले की कळते. भोवती टेकड्या, मधे सखल खोलगट भाग. टेकड्यांमधल्या फटी तीन मातीच्या बांधांनी बुजवल्या आणि तलाव झाला. शहर याहून खाली असल्यामुळे पाणी निव्वळ उताराने नळातून वाहत गेले, पंपाची गरजच पडली नाही.

पण शहराची तहान वाढतच होती. 1879ला तुळशी, मग पवई (त्याचे पाणी पिण्याजोगे काही निघाले नाही), 1892ला तानसा. पुढे मोडक सागर, भातसा, 2014ला मध्य वैतरणा. हळूहळू खात्याचा हात आणखी लांब, ठाणे-नाशिकच्या डोंगरांपर्यंत गेला. आज पिण्याच्या पाण्याचे सात जलाशय मिळून सुमारे 14.47 लाख दशलक्ष लिटर पाणी साठते. त्यात विहारचा वाटा दोन टक्क्यांहूनही कमी, तर एकट्या भातसाचा जवळजवळ निम्मा. तरी 'विहार भरला'ची बातमी आली की मुंबईकर खूश! पाणीकपात उठणार की नाही, हे ठरते मात्र भातसावर.

विहार पाहायचा तर पालिकेची परवानगी काढावी लागते. लोक कुरकुरतात, पण मला हा बंदोबस्त रास्त वाटतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल पार काठापर्यंत आलेले, पाण्यात मगरी. दीड कोटीच्या आसपास वस्तीच्या महानगरात पिण्याचे पाणी असे उघड्यावर साठवायचे, तर पाणलोटात ना घर हवे, ना हॉटेल.

पालिकेच्या मोजणीत 80.12 मीटर पातळीला विहार ओसंडतो आणि पाणी मिठीत जाते. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मिठीच्या काठच्या वस्त्यांची काय दैना उडाली ते शहर विसरलेले नाही. विहारमधून असे ओसंडून वाया जाणारे पाणी उपसून भांडुपच्या शुद्धीकरण केंद्राकडे नेण्याची योजना पालिकेने आखली आहे. उताराच्या भरवशावर निवडलेल्या तलावाला आता पंप लागणार.